आधी सनद की आधी एजंट नंबर? नाशकातून पेटंटकडे वळणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यासाठी

कोडिंग सोडून पेटंटमध्ये यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आधी एलएलबी करू, की पेटंट एजंटची परीक्षा देऊन, नोंदणीचा नंबर घेऊन सरळ कामाला लागू? इंजिनिअरिंगची पदवी हाताशी आहे, म्हणजे एजंट होण्याची पात्रता आहेच. अर्जाचा मसुदा, दाखल करणं, तपासणी अहवालाला उत्तर, कंट्रोलरपुढची (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढची) सुनावणी, हे सगळं एजंट करू शकतो. पेटंट अॅटर्नी म्हणवून घ्यायचं तर वकिलीची सनदही हवी. मी यातली एक वाट धरलेली आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकतंय ते ओळखून वाचा.

सनदेच्या बाजूने पहिली गोष्ट कोर्टाची. २०२१ मध्ये आयपीएबी, म्हणजे बौद्धिक संपदेची अपिलं ऐकणारं मंडळ, बरखास्त झालं आणि कंट्रोलरच्या निर्णयावरची अपिलं हायकोर्टात जायला लागली. तिथे एजंटाला उभं राहता येत नाही. अर्जावर वर्षानुवर्षं डोकं घासलेलं असतं, क्लेममधला (नेमका कशावर हक्क सांगतोय ते मांडणाऱ्या वाक्यांतला) स्वल्पविराम न् स्वल्पविराम पाठ असतो, आणि अर्ज फेटाळला गेला की फाइल मुंबईच्या एखाद्या वकिलाकडे सोपवून मागून चिठ्ठ्या सरकवत बसायचं. सॉफ्टवेअरच्या अर्जांना हे जास्तच बोचतं, कारण पेटंट कायद्याचं कलम ३(के), म्हणजे आपल्या बोलीतलं थ्री-के, जे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला पेटंट नाकारतं, ते नेमकं कुठवर ताणायचं हे सध्या कोर्टातच ठरतंय. २०१९ मध्ये फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की, संगणक प्रोग्रॅम आहे म्हणून सरसकट नकार देऊ नका, त्यातून तांत्रिक परिणाम साधतो का ते पाहा. त्या चर्चेत स्वतः बोलायचं असेल तर काळा कोट लागतो, याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. एजंटची परीक्षा ऑक्टोबर २०१८ नंतर थेट मे २०२३ मध्ये झाली, मग जानेवारी २०२५ मध्ये. लॉची सीईटी दरवर्षी येते. ज्याला वाट बघणं सोसत नाही त्याने हे मनात ठेवावं.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर सनद स्थगित ठेवायची. मुंबई-दिल्लीत हा नियम फारसा टोचत नाही. पेटंटचं काम करणाऱ्या मोठ्या फर्म आहेत, तिथे ‘असोसिएट’ म्हणून बसता येतं. नाशकात काय करायचं? सीबीएससमोरच्या जिल्हा न्यायालयात पेटंट उल्लंघनाचा दावा कायद्याने दाखल होऊ शकतो, पण प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा टाकला की तोही हायकोर्टाकडे जातो. तिथल्या व्हरांड्यात माझ्या कानावर पडलं ते वाटणीपत्र, चेक बाउन्स आणि फारकती. म्हणजे सनद घेऊन नाशकातच राहायचं तर सातपूर-अंबडच्या उद्योजकांची ट्रेडमार्कची कामं करत पेटंटचं गिऱ्हाईक यायची वाट पाहायची.

यावर सगळे एकच तोडगा सांगतात: सनद चालू ठेवा आणि कंपनीकडून पगाराऐवजी रिटेनर म्हणून महिन्याला बिल लावा. हे चालतं, बरेच जण करतात. फक्त पीएफ नाही, ग्रुप मेडिक्लेम नाही, आणि गृहकर्जाला गेलं की बँकेचा माणूस पगारपत्रकाऐवजी मागच्या काही वर्षांची रिटर्न मागतो. इंदिरानगरच्या फ्लॅटचा हप्ता डोक्यावर असताना मला हे पचेना. त्याआधीची एलएलबीची तीन वर्षं वेगळीच. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी हा नियम आधीपासून आहेच, आणि २०२४ मध्ये बार कौन्सिलने लॉ कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितलं, शिवाय विद्यार्थ्याने नोकरीची माहिती जाहीर करावी असंही सांगितलं. पूर्वी नोकरी सांभाळून गुपचूप एलएलबी उरकणारे पुष्कळ होते. आता तो भरवसा धरू नये.

एजंटावर असं बंधन नाही. नंबर मिळाला की पगारी नोकरी करा, घरून करा, कंपनीच्या पेटंट विभागात बसा. पुण्यातल्या नाहीतर अमेरिकन फर्मसाठी मसुदे लिहा. अमेरिकन अर्जावर सही तिथल्याच नोंदणीकृत अॅटर्नीची किंवा एजंटाची लागते, पण लिहिणारा नाशकात असला तर त्यांचं काही बिघडत नाही. एजंटांना ऑनलाइन दाखल करणं २०१६ पासून सक्तीचंच आहे आणि सुनावण्याही व्हिडिओवर होतात, त्यामुळे पंचवटी एक्स्प्रेस पकडून अँटॉप हिलचं ऑफिस गाठायची वेळ माझ्यावर क्वचितच येते.

आणि खरं सांगायचं तर आपली शिदोरी उपयोगी पडते ती मसुद्यात. समजा, निफाडच्या द्राक्षबागेसाठी कुणी प्रणाली बनवली: मातीतला ओलावा आणि हवामानाचा अंदाज घेऊन ठिबकच्या पाण्याचं वेळापत्रक काढणारी. ‘पाण्याची गरज ठरवण्याची पद्धत’ असा क्लेम लिहिला की अल्गोरिदम म्हणून थ्री-के लागतंच, वर शेतीची पद्धत म्हणून थ्री-एच फुकट. कोड लिहिलेला माणूस मसुद्याआधीच फोन करून विचारतो: रीडिंग किती वेळाने येतं? रेंज गेली तर बागेतलं यंत्र काय करतं? व्हॉल्व्ह कोण उघडतं? मग तिकडून सहज उत्तर येतं, ‘अहो, रेंज तर रोजच जाते, म्हणून बागेतलाच डबा जुनी रीडिंग दाबून साठवतो आणि स्वतःच व्हॉल्व्ह चालवतो.’ सांगणाऱ्याला ती किरकोळ दुरुस्ती वाटत असते. क्लेम तिथे दडलेला असतो. हे दाखल करण्याआधीच कागदावर यायला हवं, कारण मूळ तपशिलात नसलेली गोष्ट नंतरच्या दुरुस्तीत घुसवायला कलम ५९ मनाई करतं. निकालांचे दाखले पुढेही जोडता येतात; न विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहून जातो.

पैशांचं म्हणाल तर सॉफ्टवेअरच्या मानाने सुरुवातीला दोन्हीकडे उतार आहे. माझा पगार उतरला आणि वर यायला वेळ लागला. पुढे मोठ्या फर्ममध्ये भागीदारीपर्यंत जायचं असेल तर सनदवाल्याचा रस्ता लांबवर जातो, हे मान्य करायला हवं.

तुम्ही बावीस-तेविशीत असाल, डोक्यावर कर्ज नसेल, वाद घालायची हौस असेल आणि मुंबईत बिऱ्हाड करायची तयारी असेल, तर एलएलबीला माझा विरोध नाही. तिशी ओलांडलेली असेल आणि गोदाकाठ सोडायचा नसेल, तर मी आधी नंबर घेईन. एलएलबी पुढे कधीही करता येते, आणि नोकरीवालाही पेटंट कार्यालयापुढे आपल्या नावाने सही करू शकतो. परीक्षा म्हणजे १०० गुणांचे दोन पेपर आणि ५० गुणांची तोंडी. प्रत्येक पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के लागतात. आपल्याकडची मुलं कायद्याचा पेपर घोकून काढतात आणि अडकतात दुसऱ्या पेपरात, मसुद्याच्या. त्यासाठी क्लासपेक्षा इनपासवर, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन शोध प्रणालीवर जा, तिथे प्रसिद्ध झालेल्या अर्जांचे तपासणी अहवाल आणि त्यांना दिलेली उत्तरं फुकट वाचायला मिळतात. आपल्याच क्षेत्रातला, थ्री-केचा आक्षेप आलेला एखादा अर्ज काढा, उत्तर न उघडता स्वतः क्लेम दुरुस्त करून पाहा, आणि मगच एजंटाने काय केलं ते वाचा.