जुन्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचे सुटे भाग बदलल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

हा अनुभव नव्या फ्रिजचा नसून, दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका दोन दारी फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बसवलेल्या सुट्या भागांचा आहे. डीफ्रॉस्टचा, म्हणजे साचलेले हिम आपोआप वितळवण्याच्या व्यवस्थेचा, बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघड-बंद होणारा स्विच) आणि त्याच्यासोबत येणारा थर्मल फ्यूज, फ्रीजरमधला पंखा, कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्टार्ट रिले व जादा प्रवाह आल्यास तो तोडणारा ओव्हरलोड, खालच्या दाराचे रबर आणि दिव्याचा स्विच एवढे भाग वेगवेगळ्या वेळी बदलले गेले. दमट महिने आणि कडक उन्हाळा असे दोन्ही काळ हे भाग वापरात राहिल्यामुळे आता त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहिता येते. फ्रिजमध्ये साध्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरची रचना असून आर-१३४ए हा गॅस आहे. इन्व्हर्टर (गरजेनुसार वेग बदलणारा) कॉम्प्रेसर असलेल्यांना पुढील सगळा मजकूर जसाच्या तसा लागू होणार नाही.

या यादीत कॉम्प्रेसर नाही आणि गॅस भरणेही नाही, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण खालचा कप्पा गार होईनासा झाला तेव्हा मिळालेले पहिले निदान ‘गॅस संपला आहे’ हेच होते. फ्रिजमधला गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आणि कमी झालाच तर कोठेतरी गळती आहे असा त्याचा अर्थ असतो. गळती न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे तोच बिघाड पुढे ढकलणे होय. गॅस खरोखर कमी आहे की नाही याचा बराचसा अंदाज फ्रीजरच्या मागच्या बाजूचे पॅनेल काढले की डोळ्यांनीच येतो. गॅस कमी असेल तर इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे गारवा निर्माण करणाऱ्या कॉइलच्या, सुरुवातीच्या काही वेटोळ्यांवरच हिम धरते आणि पुढच्या नळ्या कोरड्या राहतात. डीफ्रॉस्ट बंद पडले असेल तर उलट चित्र दिसते: संपूर्ण कॉइल एका सलग, जाड, पांढऱ्या थराखाली गाडली गेलेली असते. येथे दुसरे चित्र होते, त्यामुळे गॅसचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

या प्रकारच्या फ्रिजमध्ये गारवा निर्माण करणारी कॉइल एकच असते, आणि ती फ्रीजरच्या मागे असते. खालच्या कप्प्यात वेगळी कॉइल नसते. पंखा वरची गार हवा एका मार्गाने खाली ढकलतो. कॉइलच्या पट्ट्यांमधली जागा हिमाने बुजली की हवा पुढे सरकू शकत नाही, म्हणून वर बर्फ घट्ट आणि खाली मात्र कोमट, अशी विचित्र स्थिती दिसू लागते. ती दिसताच थर्मोस्टॅटची खुंटी ‘जास्त गार’कडे फिरवण्याचा मोह होतो; पण त्याने कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि खालच्या कप्प्याला काहीच लाभ होत नाही.

हिम वितळवण्याची व्यवस्था साधी आहे. टायमर ठरावीक तास, बहुधा सहा ते बारा, कॉम्प्रेसर चालल्यावर त्याचा प्रवाह तोडतो आणि वीस-तीस मिनिटे हीटरकडे वळवतो. कॉइलचे तापमान शून्याच्या पुरेसे वर गेले की बायमेटल थर्मोस्टॅट उघडतो आणि हीटर बंद होतो. थर्मोस्टॅट उघडलाच नाही, तर सुमारे ७० अंशांच्या पुढे थर्मल फ्यूज एकदाच उडतो आणि परिपथ कायमचा तोडतो. हीटर, थर्मोस्टॅट आणि फ्यूज एका माळेत जोडलेले असल्याने तिघांपैकी एक जरी तुटला तरी डीफ्रॉस्ट होत नाही, आणि कोणता तुटला हे मल्टिमीटरशिवाय कळत नाही.

मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. खोलीच्या तापमानाला बायमेटल थर्मोस्टॅट उघडाच असतो. टेबलावर ठेवून मोजल्यावर मीटर ‘तुटलेला’ दाखवतो म्हणून कित्येक चांगले थर्मोस्टॅट फेकले जात असावेत, असा माझा संशय आहे. तो शून्याच्या काही अंश खाली थंड करून मगच तपासावा. तेव्हा तो जोडलेला दिसला पाहिजे. फ्यूज मात्र कोणत्याही सामान्य तापमानाला जोडलेलाच असायला हवा. हीटरचा रोध त्याच्यावर छापलेल्या वॅटवरून काढता येतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टचा १८० वॅटचा हीटर असेल तर मीटरवर २९४ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. अनंत रोध आला तर हीटर गेलेला आहे. टायमरची परीक्षा याहून सोपी आहे. त्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून दर्शवलेल्या दिशेने हळूहळू फिरवले की ‘कट्’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबतो. त्यानंतर हीटर तापला, तर दोष फक्त टायमरमध्ये आहे. नव्या मॉडेलमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड हे काम करतात, तेथे ही युक्ती चालत नाही.

माझ्या फ्रिजमध्ये फ्यूज उडालेला निघाला. फ्यूज आपोआप उडत नाही; आधी थर्मोस्टॅट चिकटलेला असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून दोन्ही एकत्र येणारा जोड बसवला. काही जण फ्यूजच्या जागी साधी वायर जोडून देतात. त्या दिवशी फ्रिज नक्कीच चालू होतो. परंतु थर्मोस्टॅट पुन्हा चिकटला तर प्लॅस्टिकच्या पेटीत तापत राहणाऱ्या हीटरला टायमरची वेळ संपेपर्यंत थांबवणारे काहीच उरत नाही. या एका बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. जोड बसवल्यापासून कॉइलवर हिमाचा थर पुन्हा साचलेला नाही, दमट महिन्यांतही नाही, आणि सर्व भागांमध्ये याच भागाने सर्वाधिक समाधान दिले.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांना एक संथ पण खात्रीचा मार्ग आहे. फ्रिज पूर्ण रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून एक संपूर्ण दिवस तसाच राहू द्यावा आणि खाली कापड अंथरावे. पुन्हा सुरू केल्यावर खालचा कप्पा एक-दोन आठवडे उत्तम गार राहून नंतर हळूहळू कोमट होऊ लागला, तर डीफ्रॉस्टच्या माळेत दोष आहे असे समजण्यास हरकत नाही. घाई असली तरी सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नये. कॉइल ॲल्युमिनियमची आणि पातळ असते. तिला भोक पडले की खरोखरच गॅस जातो. गोठलेल्या पॅनेलच्या खिट्ट्याही ठिसूळ झालेल्या असतात, तेव्हा बर्फ वितळल्यानंतरच पॅनेलला हात लावलेला बरा.

पंख्याचा बिघाड आवाजाने कळला. बर्फाला पाते घासल्याचा खरखराट हिम वितळवल्यावर थांबतो. बेअरिंगची चिरचिर थांबत नाही, थंडी वाढली की ती अधिकच तीव्र होते. दार उघडताच पंखा स्विचमुळे थांबतो, त्यामुळे ऐकण्यासाठी दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरावा लागतो. हाच स्विच बिघडून पंखा बंद राहिला तरी खालचा कप्पा कोमट होतो, आणि हा स्वस्त भाग तपासण्याआधीच लोक महागड्या निष्कर्षापर्यंत पोहोचतात. मी पंख्याची मोटर मूळ कंपनीची न घेता सर्वसाधारण वापराची घेतली. ती घेताना व्होल्टेज, फिरण्याची दिशा आणि दांड्याची लांबी या तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. काही फ्रिजमध्ये मोटर थेट मुख्य विजेवर चालते, तर काहींत १२ व्होल्टच्या डीसीवर. दोन्हींमध्ये अदलाबदल होऊ शकत नाही. पाते गोल चौकटीत पूर्वीइतक्याच खोलीवर बसले नाही तर मोटर फिरत असूनही हवा पुरेशी सरकत नाही. नव्या मोटरचा आवाज मूळ मोटरपेक्षा किंचित जास्त आहे आणि इतक्या महिन्यांत तो कमी झालेला नाही. गारव्यात फरक नाही. तरीही पुढच्या वेळी मी मूळ भागच घेईन.

कॉम्प्रेसर ‘गेला’ असे सांगण्यामागे जे लक्षण असते ते पुष्कळदा रिलेचे असते: टक् असा आवाज, काही सेकंद घुमणे, पुन्हा टक्, आणि काही मिनिटांनी सारे पुन्हा तसेच. प्लग काढून रिले कॉम्प्रेसरच्या पिनांवरून सरळ ओढून काढला आणि कानाजवळ हलवला तर आतली पीटीसी चकती (तापल्यावर प्रवाह अडवणारी) फुटली असल्यास खुळखुळ ऐकू येते. रन कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) असलेल्या फ्रिजमध्ये त्याला हात लावण्यापूर्वी तो डिस्चार्ज केलेला असावा. रिले काढलेला असतानाच कॉम्प्रेसरच्या तीन पिना मोजून घ्याव्यात. तीन जोड्यांपैकी सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका आला आणि कोणतीही पिन धातूच्या कवचाशी जोडलेली दिसली नाही, तर कॉम्प्रेसरच्या आतली गुंडाळी शाबूत आहे. विजेचा दाब कमी असला तरी हेच टक्-टक् ऐकू येते, म्हणून कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणीच व्होल्टेज पाहणे आवश्यक आहे. एरवी दिसणारा आकडा फसवा असतो.

रिले आणि ओव्हरलोड कॉम्प्रेसरच्या मॉडेल क्रमांकानुसार घेतले. सगळ्या कॉम्प्रेसरना चालतात असे सांगून विकले जाणारे एकत्रित संच मी मुद्दाम टाळले. ओव्हरलोडचे काम ठरावीक प्रवाहाला तुटणे हे आहे, आणि तो प्रवाह प्रत्येक कॉम्प्रेसरचा वेगळा असतो. अशा संचाने मरणपंथाला लागलेला कॉम्प्रेसर आणखी काही दिवस ओढता येतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. नव्या रिलेने उन्हाळाभर एकदाही तक्रार केली नाही. वीज जाऊन लगेच आली तर चार-पाच मिनिटे फ्रिज बंद ठेवण्याची सवय मात्र राखली आहे, कारण तेवढ्या वेळात नळ्यांमधला दाब समान होतो आणि पीटीसी चकतीही थंड होते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला असा रिले नसतो. त्याच्या तिन्ही पिनांना बोर्डाकडून वीज मिळते, आणि तेथे वरची बेरीज शोधू नये.

दाराच्या रबराविषयी माझे मत बदललेले नाही: मूळ आकाराचे मिळत असेल तरच बदलावे. दारात कागद धरून ओढल्यावर तो सहज निसटतो का हे चारही बाजूंना पाहावे, किंवा अंधारात आत पेटता टॉर्च ठेवून फटींतून प्रकाश येतो का ते पाहावे. त्याआधी बिजागरी ढिली होऊन दार खाली झुकले नाही ना, हे तपासणे श्रेयस्कर, कारण झुकलेल्या दाराला नवे रबरही वाचवू शकत नाही. नवे रबर घडी घालून येते आणि घड्यांच्या जागी ते दाराला टेकत नाही. गरम पाण्यात बुडवून किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने शेकून ते सरळ करावे लागते, आणि तरीही पूर्ण बसायला काही दिवस जातात. माझ्या रबराचा बिजागरीकडचा वरचा कोपरा सर्वांत उशिरा बसला. आता कागद सगळीकडे घट्ट धरला जातो आणि फ्रीजर-दाराखालच्या पट्टीवर येणारा घाम थांबला आहे. काही मॉडेलमध्ये रबर दारातच कायमचे बसवलेले असते. तेथे संपूर्ण दार घ्यावे लागते.

भाज्यांच्या कप्प्याखाली पाणी साचण्यासाठी बहुतेक वेळा कोणताच भाग लागत नाही. वितळलेल्या हिमाचे पाणी बाहेर नेणारे छिद्र तुंबलेले असते; सिरिंजने कोमट पाणी सोडले की ते मोकळे होते. मागच्या जाळीवरची धूळ झाडणे हेही असेच बिनखर्चाचे काम. जाळी दिसत नसेल तर कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या, बाजूच्या भिंतींत असतो, आणि त्या भिंती गरम लागणे हा बिघाड नव्हे.

ज्यांच्या फ्रिजवर आर-६००ए लिहिले आहे त्यांनी एक मर्यादा पाळावी. हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो ज्वलनशील आहे. नळ्या कापणे, जोडणे, गॅस भरणे ही कामे प्रशिक्षित माणसाचीच. डीफ्रॉस्ट हीटरही त्याच मॉडेलचा घ्यावा, कारण अशा फ्रिजमधल्या हीटरच्या पृष्ठभागाचे तापमान गॅसच्या ज्वलनबिंदूपेक्षा बरेच खाली राहील अशी त्याची रचना केलेली असते.

भाग बदलल्यानंतर दुरुस्ती खरोखर झाली का हे हाताने चाचपून कळत नाही. खालच्या मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या ग्लासात थर्मामीटर ठेवून एका रात्रीनंतर वाचावा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे बदलत नाही. खालच्या कप्प्यात ४ अंश किंवा त्याहून कमी आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास आकडा हवा. माझ्या फ्रिजमध्ये खुंटी मधल्या खुणेवर असताना हे दोन्ही आकडे टिकून आहेत. मूळ भागांपैकी टायमर अजून जुनाच आहे. त्याचे प्लॅस्टिकचे दाते झिजत असणार. कॉइलवर पुन्हा सलग हिम दिसले तर स्क्रूड्रायव्हर सर्वांत आधी त्याच्याच खाचेत जाईल.