मुलाला स्कीइंग कोण शिकवणार: आई-बाबा की प्रशिक्षक?

आपल्याला स्कीइंग येत असलं की वाटतं, पोराला शिकवायला परका माणूस कशाला? पैसे वाचतात, मूलही बिचकत नाही. पण तिसऱ्यांदा पडल्यावर ते आपल्यापुढे भोकाड पसरतं. प्रशिक्षकापुढे तेच मूल बर्फ झटकून उभं राहतं. शिवाय घाईघाईने मुलाला मोठ्या उतारावर नेण्याचा मोह पालकांनाच जास्त होतो. प्रशिक्षक आधी सपाटीवर चालायला लावतो, मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी धरून थांबायला शिकवतो. थांबता येईपर्यंत उतारावर वर नेणारी लिफ्ट नाही. तंत्राच्या बाबतीत माझं मत सरळ प्रशिक्षकाच्या बाजूने.

शिस्तीचं मात्र उलटं आहे. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे आचरणाचे 10 नियम आहेत. पुढे असलेल्याला प्राधान्य, कारण मागून येणाऱ्यालाच समोरचं दिसतं. अरुंद जागी किंवा वळणाआड थांबायचं नाही. पडलात तर लवकर वाट मोकळी करायची. वर्गात हे सांगतात, पण दोन तासांत अंगवळणी पडत नाही. उताराच्या मधोमध हातमोजा घालत बसलेल्या मुलाला "आधी कडेला हो, मग घाल" हे दिवसातून दहादा आपणच सांगायचं असतं. आणि लिफ्टच्या रांगेत दुसऱ्याच्या स्कीवर स्की चढवणारे बाबा असतील, तर प्रशिक्षक काय कपाळ शिकवणार?

हेल्मेट दोन्हीकडे हवंच. पालकांनाही.

पहिले तीन-चार दिवस वर्ग, दुपारनंतर तासभर आपल्यासोबत त्याच सोप्या उतारावर, असं मी करेन.