जिप्सीसाठी इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग किट: घ्या, पण आधी पुढचा अ‍ॅक्सल उघडा

मारुती जिप्सी १९८५ साली आली आणि बंद होईपर्यंत तिला कंपनीकडून पॉवर स्टिअरिंग काही मिळालं नाही. गंमत म्हणजे कॉलमवर (स्टिअरिंग व्हीलमागच्या दांड्यावर) मोटर बसवलेलं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जगात पहिल्यांदा आलं ते सुझुकीच्याच सर्व्हो गाडीत, १९८८ साली. जिप्सीच्या वाट्याला मात्र शेवटपर्यंत बॉल-स्क्रूचा साधा बॉक्स आणि ड्रायव्हरचे खांदे. २०५/७० आर १५ टायरवर ते खपून जातं. २३५/७५ आर १५ चढवला की टायरचा व्यास ६६८ मिमीवरून ७३३ मिमीच्या पुढे जातो, रुंदी वाढते, आणि उभ्या गाडीत चाक वळवणं म्हणजे जोर-बैठका होऊन बसतात. त्यात चाक बाहेर काढणाऱ्या ऑफसेटच्या रिम असतील आणि १४ इंची स्टिअरिंगच्या जागी १२ इंची ‘स्पोर्ट्स’ व्हील असेल, तर विचारूच नका. नुसत्या त्या छोट्या व्हीलमुळे हाताला साधारण १७ टक्के जास्त जोर लागतो.

म्हणून वॅगन-आर, अल्टो यांसारख्या छोट्या मारुती गाड्यांचा मोटरवाला कॉलम जिप्सीत बसवायची किट बाजारात आली. किटमध्ये साधारणपणे कॉलम, मोटर, ईसीयू (मोटर चालवणारा कंट्रोलर), वायरिंग, खालच्या शाफ्टला जोडायचा कपलर, एक-दोन ब्रॅकेट आणि डॅशवर लावायचा नॉब एवढं येतं. काही जण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना कॉलम आणून बाकीचं लेथवर करून घेतात. दोन्ही रस्ते चालतात. आमचं मत सरळ आहे: जिप्सीसाठी हायड्रॉलिकपेक्षा हेच बरं, पण पुढच्या अ‍ॅक्सलची कामं न करता हे बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जिप्सीचं स्टिअरिंग जड होण्याचं निम्मं कारण बहुतेक वेळा टायरची हवा आणि किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन) यांतच असतं. गाडी पुढून उचलून अ‍ॅक्सल घोडीवर टेकवा, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) नकलपासून (चाकाला धरून वळणाऱ्या भागापासून) सोडवा आणि एकेक नकल हाताने फिरवा. हलका, एकसारखा विरोध लागला तर ठीक. मध्येच खाच लागली, ‘टक’ करून बसला, तर किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खड्डे पडलेत. अजिबात विरोध नसेल तर प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) गेलाय. अशी गाडी ६०-७० च्या आसपास एखाद्या खड्ड्यावरून गेली की पुढची चाकं थरथरायला लागतात. बेअरिंग बदला, शिम (पातळ चकत्या) काढून-घालून प्रीलोड जमवा, नकलचं सील फाटलं असेल तर त्याच वेळी बदला, कारण पाणी आणि चिखल तिथूनच आत जातो. प्रीलोड मोजायला स्प्रिंग काटा टाय रॉडच्या भोकात अडकवून ओढा आणि वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. नट ‘अंदाजाने’ आवळणारे मेकॅनिक बरेच भेटतात. त्यांच्याकडून आलेली गाडी एक तर जड चालते, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत येते.

टाय रॉड एंड (टोकाचा जॉइंट) काढताना हातोड्याने ठोकत बसू नका, पुलर लावा. जुना एंड सोडवायच्या आधी त्याचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवा, म्हणजे नवा बसवल्यावर टो (चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते माप) निदान जवळपास राहतो. नट आवळून झाल्यावर स्प्लिट पिन नवीच घालायची. टो-इन २ ते ६ मिमी. अलाइनमेंटवाल्याला हे सांगावं लागतं, कारण त्याच्या मशिनमध्ये जिप्सी नसेल तर तो मनानेच एखादी हॅचबॅक निवडतो.

स्टिअरिंग बॉक्सचं एक. वरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूने प्ले (ढिलेपणा) काढता येतो, पण तो फक्त चाकं सरळ असताना, आणि पाव-पाव फेरा देऊनच. बॉक्स मधोमध मुद्दाम थोडा घट्ट ठेवलेला असतो. कडेला वळवून स्क्रू आवळलात तर मध्ये आल्यावर तो अडकेल, वळणातून बाहेर पडल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होणार नाही, आणि थोड्याच दिवसांत वर्म (आतला स्क्रूसारखा गिअर) खराब. बॉक्समधलं ९० नंबरचं गिअर ऑइल बघा. बऱ्याच गाड्यांमध्ये ते नावालाच असतं. बॉक्सच्या बोल्टभोवती चेसिसला बारीक तडा आहे का, हे वायर ब्रशने गंज आणि रंग काढूनच कळतं.

आता किट. यातली एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. हायड्रॉलिकमध्ये मदत बॉक्समध्येच मिळते, म्हणजे वरचा शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावर फक्त तुमच्या हाताचा जोर येतो. कॉलमवरच्या मोटरची सगळी ताकद मात्र शाफ्टमधून, जॉइंटमधून, रबर कपलिंगमधून आणि बॉक्सच्या वर्ममधून खाली जाते. म्हणजे जे भाग माणसाच्या हातासाठी बनवले होते, त्यांच्यावर आता मोटरही जोर लावते. रबर कपलिंग चिरलेलं असेल तर ते किट बसवायच्या दिवशीच बदला. आणि मोटर जेवढा जोर खाली देते, तेवढाच उलटा पीळ कॉलमच्या ब्रॅकेटवर बसतो. जिप्सीच्या डॅशखालचा पत्रा त्यासाठी नाही. निदान ३ मिमीची प्लेट आणि फायरवॉलपर्यंत एक तिरका आधार हवा. ब्रॅकेट बसवल्यावर टायर भिंतीला टेकवून पूर्ण जोराने वळवा आणि दुसऱ्याला कॉलमकडे बघायला सांगा. कॉलम डोळ्याला दिसेल इतका हलला तर काम झालेलं नाही.

शाफ्ट जोडणं हा सगळ्यात नाजूक भाग. कॉलमच्या बाजूची स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) वेगळी, जिप्सीच्या खालच्या शाफ्टची वेगळी. चांगल्या किटमध्ये दोन्हीकडच्या स्प्लाइनचा मशिन केलेला कपलर येतो. क्लॅम्पचा बोल्ट स्प्लाइनवर कोरलेल्या खाचेतून आडवा गेलाच पाहिजे, म्हणजे बोल्ट सैल झाला तरी शाफ्ट निसटत नाही. स्वस्त किटमध्ये दोन तुकडे वेल्ड करायला सांगतात. ते घरी करू नका. स्टिअरिंगचा शाफ्ट तुटला तर दुसरी संधी मिळत नाही. शिवाय टॉर्क सेन्सर (हाताचा जोर मोजणारा) कॉलममध्येच असतो, जवळ वेल्डिंगची उष्णता गेली तर तो कायमचा जातो. गाडीवर दुसरीकडे कुठे वेल्डिंग करायचं असलं तरी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीयूचे कनेक्टर आधी काढा. कॉलमच्या टोकावर हातोडा तर बिलकूल मारू नका. आतला टॉर्शन बार (पीळ घेणारी सळई) बारीक असतो, तो वाकला की सेन्सरचा शून्य बिंदू सरकतो आणि गाडी एका बाजूला स्वतःच वळू बघते.

दोन यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) असतील तर दोन्हींचे मधल्या शाफ्टवरचे योक (जॉइंटचे दुबेळके) एका रेषेत ठेवा आणि दोन्हींचे कोन शक्य तितके सारखे. हे चुकलं की एका फेऱ्यात दोन ठिकाणी स्टिअरिंग हलकं आणि दोन ठिकाणी जड लागतं. लोक मोटरला दोष देतात, ईसीयू बदलतात, आणि दोष जॉइंटमध्येच राहतो.

वायरिंगकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, आणि किट परत येतात ती बहुधा यामुळेच. जागेवर पूर्ण वळवताना छोट्या गाडीची मोटरही क्षणभर ३० अँपिअरच्या वर ओढते. ती वायर फ्यूज बॉक्समधून घेऊ नका. बॅटरीपासून थेट १० चौरस मिमीची तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ किटबरोबर आलेल्या आकड्याचा फ्यूज, आणि अर्थची वायरही तेवढीच जाड, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. मग मल्टिमीटर लावून बॅटरीचा प्लस आणि ईसीयूचा प्लस यांच्यामधला फरक पूर्ण जोर लावताना मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर कुठेतरी लग (वायरीच्या टोकाचं टर्मिनल) नीट दाबून बसलेला नाही. हेडलाइट, फॅन आणि विंच यांच्यासोबत हे सगळं एका जुन्या बॅटरीवर चालवायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

मूळ गाडीत ईसीयूला इंजिन चालू असल्याचा आणि वेगाचा असे दोन सिग्नल मिळतात. केबलवर चालणारा स्पीडोमीटर असलेल्या जिप्सीत वेगाचा सिग्नल मिळत नाही, म्हणून किटवाले नॉब देतात. त्यातून ईसीयूला एक ठरावीक वेग सांगितला जातो. नॉब पार्किंगला हलका ठेवलात तर ८० च्या वेगाला स्टिअरिंग इतकं हलकं होतं की नुसत्या शिंकेनेही लेन बदलेल. हायवेला जुळवलात तर जंगलात जड. रोज नॉब फिरवणं कोणाला जमत नाही, त्यामुळे आमची शिफारस अशी: किट घेताना स्पीडोमीटरच्या केबलमध्ये बसणारा सेन्सर मिळतो का ते विचारा आणि मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर नॉब हायवेच्या बाजूला ठेवा. चिखलात थोडा जोर लावावा लागला तरी चालेल.

इंजिन चालू असल्याचा सिग्नलही किटमध्ये खोटाच दिलेला असतो, त्याचाही एक त्रास आहे. इग्निशन ऑन केलं की इंजिन बंद असतानाही मोटर जागी होते आणि बॅटरी खाते. अल्टरनेटर चार्ज करायला लागल्यावरच चालू होणारा रिले मध्ये घातला की प्रश्न मिटतो.

पाण्याचं काय? हे भाग बंद केबिनमध्ये, कोरड्यात राहण्यासाठी बनवलेले आहेत. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफरोड स्पर्धांमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघितलं तर ईसीयू पायाशी लावणारा माणूस स्वतःच्या हाताने पैसे बुडवतोय हे कळेल. ईसीयू डॅशच्या जितका वर लावता येईल तितका, कनेक्टर खाली तोंड करून, आणि वायरीला ईसीयूच्या खाली एक वळसा देऊन ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथून खाली टपकेल. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस. छत न लावता फिरणाऱ्यांनी प्लास्टिकच्या डब्यात ईसीयू बंद करण्याआधी विचार करावा, त्याला हवाही लागते.

कारण हे गरम होतं. दगडांमध्ये हळूहळू चालवताना स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवून धरून ठेवलं तर ईसीयू मोटर वाचवायला करंट कमी करतो आणि नेमकं अडचणीच्या जागी स्टिअरिंग जड होतं. किट बिघडलं असं समजून लोक घाबरतात. शेवटच्या टोकापासून थोडं मागे घ्या, थोडा वेळ द्या, परत येतं. दिवसभर जंगलात हळू चालणाऱ्या ताडोबाच्या सफारी जिप्सीला, जिथे वळणं भरपूर पण जोर मध्यम, हे किट फार सुखाचं. फक्त दगडांवर चढाईच करणाऱ्याला मात्र हायड्रॉलिकचाच विचार करावा लागेल. एस्टीममध्ये याच जातीचं १३०० सीसी इंजिन होतं आणि पॉवर स्टिअरिंगही होतं, त्यामुळे पंप शोधणं अवघड नाही. डोकेदुखी आहे ती चेसिसवर बसणारा पॉवर बॉक्स आणि त्याची ड्रॅग लिंक जुळवण्याची. ते घरचं काम नव्हे.

उंच केलेल्या जिप्सीत ड्रॅग लिंक तिरकी झाल्यामुळे प्रत्येक खड्ड्याला चाकं आपोआप वळतात. मोटर ते थांबवू शकत नाही, उलट हाताला ते कमी जाणवतं आणि टायर झिजल्यावरच कळतं. आधी लिंकचा कोन सुधारा.

जुना कॉलम घेणार असाल तर कॉलम आणि ईसीयू एकाच गाडीचे घ्या आणि कनेक्टर वायरीच्या शेपटासकट कापून आणा. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा; खडखड लागली तर आतला वर्म आणि प्लास्टिकचा गिअर झिजलाय. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी किंवा बारीक गाळ दिसला तर तो पुरात बुडालेल्या गाडीचा माल आहे. कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला बंधनं आहेत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलंय. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारूनच हात घाला. मूळ कॉलम, बोल्टसकट, कापडात गुंडाळून ठेवा.

बसवून झाल्यावर शेवटची चाचणी मोकळ्या मैदानात: मोटरचा फ्यूज काढा आणि गाडी चालवा. स्टिअरिंग जुन्या जिप्सीपेक्षा किंचित जड लागेल, कारण बंद मोटर आणि तिचा गिअर हातानेच फिरवावा लागतो. पण ते दोन्हीकडे पूर्ण आणि सारखं वळलं पाहिजे. कुठेही अडकलं तर रस्त्यावर नेऊ नका. मग फ्यूज घाला, १०० किलोमीटरनंतर कपलरचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि तसाच एक जादा फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा.