झेड की लीन? आधी काय घ्यावं?

झेड म्हणजे ‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’: माल निर्दोष आणि पर्यावरणाला इजा नाही, याचं कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण स्तराचं प्रमाणपत्र. लीन म्हणजे कामातला वेळेचा आणि मालाचा अपव्यय कमी करणं. दोन्ही योजना केंद्राच्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या, दोन्हींना उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) लागते. म्हणून लहान कारखानदार गोंधळतो.

खर्च. झेडचं शुल्क कांस्य 10,000, रौप्य 40,000, सुवर्ण 90,000 रुपये. सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघूला 60, मध्यमला 50 टक्के सवलत. लीनमध्ये सल्लागाराच्या फीचे 90 टक्के सरकार देतं.

मेहनत. इथेच खरा फरक. झेड म्हणजे तपासणी: कांस्यला 5 निकष, सुवर्णला 20. फोटो, रजिस्टरं, मोजमापाच्या नोंदी अपलोड करायच्या. आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं, आणि अर्ज तिथेच अडतो. लीनमध्ये सल्लागार शॉपफ्लोअरवर येतो आणि विचारतो: प्रेसवर डाय (साचा) बदलायला पाऊण तास का लागतो? क्लॅम्पचे बोल्ट चार मापांचे, पाना शोधण्यात दहा मिनिटं. बोल्ट एका मापाचे करा, पाने प्रेसशेजारी टांगा, पुढची डाय मशीन चालू असतानाच आणून ठेवा. पण सुपरवायझरला रोज अर्धा तास मोकळा दिला नाही, तर महिन्याभरात सगळं जैसे थे.

टिकाऊपणा. झेडचं प्रमाणपत्र 3 वर्षांचं. लीनची बचत शिस्त असेतोवर.

नव्या ग्राहकाला कागद दाखवायचा असेल, तर झेड कांस्यपासून सुरुवात करा. ऑर्डरी भरपूर, पण रिजेक्शन (नाकारला गेलेला माल) आणि उशिराने नफा खाल्ला जात असेल, तर आधी लीन. चार-पाच माणसांच्या वर्कशॉपला दोन्ही एकदम झेपत नाहीत.