शिडाच्या बोटीवर टॅब्लेट: एका हंगामाच्या वापरानंतर

पावसाळा सरल्यावर समुद्राचे नकाशे बघायला घेतलेला टॅब्लेट मे अखेरपर्यंत बोटीवर राबला, म्हणून आता सविस्तर लिहितो. बोट शिडाची, छोटी, मुक्काम रेवदंड्याच्या खाडीत. मांडवा, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै हे नेहमीचं. यंदा मालवणपर्यंतही जाऊन आलो.

आपल्या किनाऱ्यावर टॅब्लेट निवडताना स्क्रीन किती मोठा नि प्रोसेसर किती वेगवान, हे मी दुय्यम मानतो. उन्हात तग धरतो का, खारं पाणी सोसतो का आणि आत स्वतःचा जीपीएस आहे का, एवढं आधी बघावं.

जीपीएसच्या बाबतीत दुकानात नीट उत्तर मिळत नाही. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते, सेल्युलर आयपॅडमध्ये असते. त्यासाठी सिम मात्र घालावं लागत नाही. अँड्रॉइडमध्ये मॉडेलगणिक फरक पडतो, तेव्हा स्पेसिफिकेशन वाचूनच पैसे द्या. नकाशे घरीच डाउनलोड करून ठेवा, आणि खाडीत रेंज असतानाच टॅब्लेटला उपग्रहांवरून स्वतःची जागा पकडू द्या. नेट नसताना पहिल्यांदा उपग्रह सापडायला बराच वेळ जातो.

मी आठ इंची, आयपी ६८ रेटिंगचा (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देणारा), पाठीमागून बॅटरी काढता येणारा अँड्रॉइड घेतला. एक हात सुकाणूवर असताना दुसऱ्या हातात अकरा इंची पाटी वाऱ्यात धरवत नाही.

खरी परीक्षा उन्हाची. ॲपल आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचं तापमान सांगतं. एप्रिलच्या दुपारी कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत, उघड्यावर ठेवलेली वस्तू ३५ वर थांबत नाही. टॅब्लेट तापला की आधी चार्जिंग बंद पडतं, मग ब्राइटनेस आपोआप उतरतो, तोही डोक्यावर ऊन असताना, जेव्हा पूर्ण उजेड हवा असतो. त्यात फुल ब्राइटनेस आणि चार्जिंग ही दोन्ही स्वतःच उष्णता वाढवतात. म्हणून मी चार्जिंग सकाळी उरकतो, दुपारी बॅटरी बदलतो आणि टॅब्लेट केबिनच्या दाराशी सावलीत ठेवतो. काळं कव्हर काढून फिक्या रंगाचं घातलं, तेवढ्यानेही फरक पडला. बदलता येणारी बॅटरी ही या खरेदीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ठरली. पोलराइज्ड गॉगल लावत असाल तर तो घालूनच दुकानात जा; काही स्क्रीन आडव्या धरल्या की काळ्याठिक्कर दिसतात.

पाण्याचा त्रास वेगळ्याच तऱ्हेने झाला. पद्मदुर्गाच्या बाहेरून मुरुडकडे वळताना लाटेचा फवारा आला आणि काचेवरचे थेंब बोटांसारखं काम करू लागले. नकाशा सरकला, झूम झाला, बोटीचं चिन्ह स्क्रीनबाहेर गेलं. पुसलं की मिठाचा पापुद्रा राहायचा आणि पुढचा फवारा पुन्हा तेच करायचा. हातमोज्यांसाठीचा मोड चालू केला की काच आणखी हळवी होते, तेव्हा तो बंदच ठेवा. आता खडपांजवळ गेलो की टच लॉक करतो आणि नकाशा हलवायचाच असेल तर पेन वापरतो. आयपी ६८ ची चाचणी गोड्या पाण्यातली असते हे लक्षात ठेवा. दर फेरीनंतर ओल्या फडक्याने मीठ उतरवायचंच. चार्जिंगचं भोक दमट असलं की टॅब्लेट वीज घेत नाही. बाजूला धातूच्या टिकल्यांवर चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

अजून एक, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. टॅब्लेटच्या स्पीकरमध्ये आणि झाकणाच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतात. होकायंत्राशेजारी स्टँड बसवला तर सुई फिरते, आणि कागदावरचा हिशेब चुकायला तेवढं पुरतं. स्टँड पक्का करण्याआधी टॅब्लेट जवळ-लांब नेऊन सुई हलते का बघा.

नकाशाच्या ॲपबद्दल थोडक्यात. ओपनसीपीएन भक्कम आहे, पण शिकायला वेळ लागतो. नेव्हिऑनिक्स सोपं, पण वर्गणीचं. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नकाशात काय नसतं ते. बोटं फाकवून कितीही झूम करा, मूळ सर्वेक्षणापेक्षा जास्त तपशील त्यातून निघत नाही. खाडीच्या तोंडची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये कुठल्याच चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, नसतात. ते बंदरातल्या तांडेलांना, म्हणजे मच्छीमार बोटींच्या म्होरक्यांना, विचारावे लागतात, आणि विचारलं की ते मनापासून सांगतात. मालवणला सिंधुदुर्गाभोवतालच्या खडकांमधून शिरताना मी स्क्रीन बाजूला ठेवली आणि पुढच्या मच्छीमार होडीच्या मागून गेलो.

चार्टवरची खोली साधारण सर्वांत कमी ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, तिच्यात भरती मिळवायची. मुंबईकडे उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, मालवणला त्याच्या जवळपास निम्माच. ॲपमधली भरतीची वेळ बऱ्याचदा लांबच्या बंदराची असते, खाडीत आत पाणी उशिरा चढतं. मी तिथीच्या पाऊणपटीने पडताळतो: अष्टमीला आठाचे पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अलिबागच्या बाजूला हा हिशेब चांगला जुळतो.

रात्री स्क्रीन लाल मोडवर ठेवूनही डोळे दिपतात, म्हणून खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा दिसू लागला की टॅब्लेट उलटा ठेवतो आणि अधूनमधूनच बघतो. जुना फोन तेच नकाशे भरून हवाबंद डब्यात असतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा या भागाचा कागदी चार्ट टेबलावर उघडा असतो, आणि दर तासाला त्यावर पेन्सिलीने जागा टिपतो. टॅब्लेट कितीही महाग घेतलात तरी चार्टचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा.