ब्लेंडरचं ईव्ही: छोट्या स्टुडिओला पेलणारं रेंडर इंजिन

लात्व्हियाची लोकसंख्या जेमतेम १९ लाखांच्या घरात. रीगामध्ये १९६०च्या दशकात अर्नोल्ड्स बुरोव्ह्स यांनी बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन रुजवलं, पण संगणकावरच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाने या देशाला ऑस्कर मिळवून दिलं ते २०२५ साली. फ्रान्स आणि बेल्जियमच्या साथीने केलेला गिंट्स झिल्बालोदिस यांचा 'फ्लो' ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनला आणि त्यातल्या ईव्ही (EEVEE) या इंजिनवर रेंडर झाला, म्हणजे त्याची अंतिम चित्रं तिथे तयार झाली.

ब्लेंडर फुकट आहे, हे कौतुक पुष्कळ झालं. छोट्या देशातल्या स्टुडिओला त्याहून जड जातो तो रेंडरचा वेळ. ८५ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,२२,४०० फ्रेम. प्रकाशकिरणांचा माग काढणाऱ्या, ब्लेंडरमधल्याच सायकल्स इंजिनवर फ्रेमला १० मिनिटं धरली, तर एका मशीनला ८५० दिवस लागतील. ईव्हीवर १० सेकंद धरली तर जेमतेम १४. म्हणूनच 'फ्लो'ला रेंडर फार्म, म्हणजे रेंडरसाठी जोडलेल्या अनेक मशीनचा ताफा, लागला नाही. शेवटचं रेंडर दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पीसीवर झालं.

हा वेग मिळतो कारण ईव्ही गेम इंजिनसारखं काम करतं, आणि त्याची किंमत चित्रात मोजावी लागते. प्रतिबिंब मुख्यतः पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींवरूनच तयार होतं. झाड फ्रेमबाहेर गेलं की पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही कडेपासून विरायला लागतं. यावर दोन उपाय आहेत. ओव्हरस्कॅन, म्हणजे फ्रेमच्या कडेबाहेर जास्तीचा रेंडर होणारा भाग, मुळात ३ टक्के असतो, तो ८-१० टक्के करा; रेंडर थोडं लांबेल, पण कडा सुधारतील. पाणी संथ असेल तर प्लेन लाइट प्रोब, म्हणजे सपाट पृष्ठभागाचं प्रतिबिंब टिपणारी वस्तू, लावा. लाटांवर मात्र तो फसतो, कारण तो एकाच सपाट पातळीचं प्रतिबिंब घेतो. पाण्याच्या सिम्युलेशनला ईव्हीची काहीच मदत नाही. तो वेळ वेगळा धरा.

परावर्तित उजेड व्हॉल्यूम प्रोबमध्ये (एखाद्या जागेतला उजेड नोंदवणारी वस्तू) बेक केला, म्हणजे आधीच मोजून साठवला असेल आणि नंतर दिवा हलवला, तर जुनाच उजेड भिंतींवर राहतो. दिवा हलला की पुन्हा बेक, हा नियम टीममध्ये पक्का हवा.

ब्लेंडरच्या ४.२ आवृत्तीत ईव्ही जवळजवळ नव्याने लिहिलं गेलं. सावल्या खूपच सुधारल्या, डिस्प्लेसमेंट (पृष्ठभागाला खरे उंचवटे देणं) आलं. आमची शिफारस याच आवृत्तीपासून पुढची. पण जुनी फाइल नव्यात उघडली की लाइटिंग बदललेलं दिसतं, तेव्हा चालू प्रकल्पात आवृत्ती बदलू नका. दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवून एक फ्रेम लवकर होत नाही; त्या पैशांत दुसरं मशीन घ्या.

आउटपुट व्हिडिओत कधीच नको. पीएनजी किंवा ओपन-ईएक्सआर या चित्र-फॉरमॅटमध्ये एकेक फ्रेम काढा. आउटपुटच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरराइट' (असलेल्या फाइलीवर पुन्हा लिहिणं) बंद आणि 'प्लेसहोल्डर्स' (फ्रेम सुरू होताच तिच्या जागी रिकामी फाइल ठेवणं) चालू ठेवलं की दोन-तीन मशीन एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये काम वाटून घेतात. मशीन मध्येच बंद पडलं तर त्या फ्रेमची शून्य बाइटची रिकामी फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी ती फ्रेम 'झालेली' समजून सोडली जाते. पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकारमानानुसार लावून अशा फाइली काढून टाका.