प्लॅटोखालची पोकळी: सल्फेट भरावं की फॉस्फेट?

टिबिअल प्लॅटोचा, म्हणजे नडगीच्या हाडाच्या गुडघ्यातल्या वरच्या पृष्ठभागाचा, फ्रॅक्चरमध्ये दबलेला तुकडा उचलून सांधा सी-आर्मवर (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्रावर) सपाट दिसला, की खाली पोकळी उरते. ती भरायला रुग्णाच्याच कमरेचं हाड काढायचं नसेल तर बहुधा दोन सिमेंटं समोर येतात: कॅल्शियम सल्फेट आणि कॅल्शियम फॉस्फेट. (पीएमएमए, म्हणजे न विरघळणारं अ‍ॅक्रिलिक सिमेंट, इथे मोजत नाही. तरुण माणसाच्या सांध्याखाली कायमचं प्लॅस्टिक कशाला?)

सल्फेट स्वस्त आणि सरळ. शेवटी प्लास्टर ऑफ पॅरिसच ते. सलाईनमध्ये कालवलं तर पाण्यापेक्षा लवकर सेट होतं, रक्तातली प्रथिनं मिसळली की रेंगाळतं.

फॉस्फेट मात्र नखरेल. थंड ऑपरेशन थिएटरमध्ये सुस्त, शरीराच्या ३७ अंशांत धरू (सेट होऊ) लागतं. सुईतून सहज जावं म्हणून पातळ केलं तर छिद्रं वाढतात, ताकद घटते. धरताना गुडघा हलला तर एकमेकांत गुंतणारे स्फटिक तुटतात, ते पुन्हा जुळत नाहीत. वाहत्या रक्तात लगदा धुऊनच जातो. म्हणून मी टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा मांडीवरचा पट्टा) ठेवून, पोकळी कोरडी करून, स्क्रू आधी लावून मगच भरतो. त्यानंतर ते धरेपर्यंत कुणी पायाला हात लावायचा नाही. पूर्ण ताकद यायला तरीही दिवसभर लागतो.

एवढं करूनही मी फॉस्फेटकडे वळलो, ते जखमेतून येणाऱ्या पाण्यामुळे. सल्फेट विरघळताना काही रुग्णांत टाक्यांतून पांढरट पाणी झिरपतं. बहुतेकदा त्यात जंतू नसतात आणि ते आपोआप थांबतं, हे आपल्याला ठाऊक. पण रोज ड्रेसिंग भिजलेलं पाहून नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, पू झालाय का?’ कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवा, निल, म्हणजे जंतू नाहीत असा, आला म्हणून सांगा, तरी त्यांची शंका जात नाही. खाली धातूची प्लेट असल्यामुळे खरं तर आपलीही जात नाही. रक्त मिसळून कच्चं सेट झालेलं सल्फेट जास्त झिरपतं, असं मला वाटतं, मोजलेलं नाही.

शिवाय ते साधारण ६ ते १२ आठवड्यांत नाहीसं होतं, म्हणजे रुग्ण पायावर भार देऊ लागतो त्याच सुमारास. फॉस्फेट बराच काळ टिकतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत त्याच्यावरचा सांधा कमरेच्या हाडाच्या ग्राफ्टपेक्षा कमी खचला होता. तुलना सल्फेटशी नव्हती, हेही खरं.

पोकळी लहान असेल, पैसे बेताचे असतील तर सल्फेट चालून जाईल. जंतुसंसर्गात अँटिबायोटिक मिसळून भरायचं असेल तर मीही तेच घेतो. तिथे त्याचं विरघळणंच उपयोगी. प्लॅटोच्या केसला मात्र सिस्टरना फॉस्फेट काढून ठेवायला सांगतो, आणि शेवटचा स्क्रू लागेपर्यंत पाकीट फोडू नका, असं बजावतो.